थर्मोस्टॅट बदलल्यावर विंडो एसीचा पंखा बिघडला तर

ठाणे आणि नवी मुंबईतील जुन्या इमारतींमध्ये नॉब फिरवून चालवायचे विंडो एसी अजूनही बरेच आहेत, आणि उन्हाळा तोंडावर आला की त्यांचे थर्मोस्टॅट, म्हणजे खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबवणारे स्विच, बदलण्याची वेळ अनेकांवर येते. नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर कधी पंखा मुळीच फिरत नाही, कधी मध्येच थांबतो, तर कधी एकाच वेगावर अडकून राहतो. अशा वेळी 'मोटर गेली' हे निदान फार लवकर केले जाते. काल चालणारी मोटर नेमकी दुरुस्तीच्या दिवशी जळणे अशक्य नाही. परंतु ज्या तारांना आज हात लागला त्या आधी पाहाव्यात, हे अधिक शहाणपणाचे.

त्यासाठी एसीची जोडणी ढोबळपणे समजून घ्यावी लागते. प्लगमधून आलेली फेजची तार प्रथम सिलेक्टर स्विचवर (पंखा की थंडावा हे निवडायच्या नॉबमागच्या स्विचवर) येते. तेथून पंख्याच्या कमी आणि जास्त वेगाच्या दोन तारा थेट मोटरकडे जातात, आणि तिसरी तार थर्मोस्टॅटमधून कॉम्प्रेसरकडे जाते. म्हणजे थर्मोस्टॅट तोडतो तो फक्त कॉम्प्रेसरचा पुरवठा. खोली गार झाल्यावर कॉम्प्रेसर थांबला तरी पंखा फिरतच राहिला पाहिजे. काही एसींना वीजबचतीची वेगळी सोय असते आणि त्यात पंखा मुद्दाम थांबवला जातो, तेवढा अपवाद सोडावा.

पेचकस हाती घेण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. एसी थंडाव्यावर चालू असताना थर्मोस्टॅटचा नॉब सर्वांत कमी थंडीकडे फिरवावा आणि कान द्यावा. 'टक्' असा आवाज होऊन कॉम्प्रेसरची घरघर थांबली आणि पंखा चालू राहिला, तर जोडणी योग्य आहे. त्या 'टक्'बरोबर पंखाही बंद पडला, तर फेजची तार सिलेक्टरऐवजी थर्मोस्टॅटमधून फिरवली गेली आहे. ऐरोलीच्या आमच्या घरी नेमके हेच झाले होते. मेकॅनिकने मोटर बदलण्याचा खर्चसुद्धा सांगून टाकला होता. मात्र पंखा दर वेळी त्या आवाजाबरोबरच थांबतो हे लक्षात आल्यावर पुढची जाळी काढली, तेव्हा येणाऱ्या फेजचे थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) थर्मोस्टॅटच्या पिनवर बसलेले दिसले. ते सिलेक्टरवर आणि सिलेक्टरची कॉम्प्रेसरकडची तार थर्मोस्टॅटवर घेतली, आणि काम झाले.

आत हात घालण्याआधी एमसीबी पाडून प्लग सॉकेटमधून बाहेर काढावा. नुसते स्विच बंद करणे पुरेसे नाही. मोटर सुरू होण्यास मदत करणाऱ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही साठलेली वीज शिल्लक राहू शकते, म्हणून त्याच्या पिनांना बोट लावू नये. तो रिकामा करण्याचा सराव नसेल तर ते काम इलेक्ट्रिशियनवर सोपवावे. कोणतीही तार सोडवण्याआधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत. एकसारख्या रंगाच्या तारा काढल्यानंतर आपली स्मरणशक्ती किती कच्ची आहे ते कळते.

पंखा कोणत्याच स्थितीत फिरत नसेल, तर सिलेक्टरवरील प्रत्येक थिंबल हलकेच ओढून पाहावे. खाडीजवळच्या दमट, खारट हवेत पितळी थिंबलांवर हिरवट थर चढतो; ती एकदा उपटून परत बसवली की सैल पडतात, आणि वरून जोडलेली दिसली तरी आत स्पर्श नसतो. असे थिंबल पकडीने दाबत बसण्यापेक्षा नवे लावावे. त्यानंतर प्लग बाहेरच ठेवून सिलेक्टर 'फॅन'वर आणावा आणि फेजची पिन व पंख्याच्या तारेची पिन यांत मल्टिमीटर (वीजजोडणी तपासायचे उपकरण) 'बीप' देतो का ते पाहावे. बीप आला नाही तर सिलेक्टर खराब आहे. पंखा एकाच वेगावर चालत असेल, तर दोन वेगांच्या तारांपैकी एक निसटलेली असण्याची शक्यता मोठी.

मोटर नुसती गुणगुणत असेल, तर प्लग काढून ब्लोअर (खोलीत हवा फेकणारा पुढचा पंखा) हाताने फिरवावा. तो मोकळा फिरत असेल तर संशय कपॅसिटरवर घ्यावा. अनेक एसींमध्ये पंखा आणि कॉम्प्रेसर यांचा मिळून एकच, तीन टोकांचा कपॅसिटर असतो. त्यावरील 'फॅन' (पंखा) आणि 'हर्म' (कॉम्प्रेसर) या टोकांच्या तारा उलट लागल्या तर पंख्याची मोटर भलतीच तापते आणि कॉम्प्रेसर सुरू न होता नुसता घुरघुरतो. असे दिसताच एसी बंद करावा. ब्लोअर अडकत असेल किंवा खटखट वाजत असेल, तर दुरुस्तीत निसटलेला एखादा स्क्रू तळाच्या पत्र्यात शोधावा. एसीत एकाच मोटरच्या एका टोकाला ब्लोअर आणि दुसऱ्या टोकाला मागचा पंखा असतो, त्यामुळे मागे अडकलेला स्क्रू पुढची हवाही थांबवतो.

पंखा फिरतो पण हवा हळूहळू कमी होत जाते, अशी तक्रार असेल तर कॉइलवर (फिल्टरमागच्या गार होणाऱ्या नळ्या-पत्र्यांच्या संचावर) बर्फ धरला आहे का ते पाहावे. फिल्टर स्वच्छ असूनही असे होत असेल, तर दुकानातून चुकून फ्रिजचा थर्मोस्टॅट आलेला असू शकतो. तो ओळखण्यासाठी थर्मोस्टॅट काढून त्याचा बल्ब (बारीक नळीचे तापमान ओळखणारे टोक) बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवावा. पिना मात्र कोरड्या ठेवाव्यात. एसीचा थर्मोस्टॅट थोड्याच वेळात 'टक्' करून तुटतो, म्हणजे त्याच्या आतला संपर्क सुटतो. फ्रिजचा तुटत नाही, कारण तो शून्याच्या खाली गेल्यावरच तुटण्यासाठी बनवलेला असतो, आणि एसीत बसवला की कॉम्प्रेसर थांबतच नाही.

परत बसवताना बल्ब कॉइलच्या पुढे, आत येणाऱ्या हवेच्या वाटेत, त्याच्या प्लास्टिकच्या क्लिपमध्ये अडकवावा. तो कॉइलच्या पत्र्यांना टेकता कामा नये. त्याची बारीक तांब्याची नळी कोठेही काटकोनात मोडू नये, कारण तिला चीर जाऊन आतला वायू निघून गेला तर कॉम्प्रेसर पुन्हा लागणारच नाही. जाळी लावून एसी सुरू केल्यानंतर नॉबची तीच परीक्षा पुन्हा करावी, आणि कॉम्प्रेसर एकदा थांबला की किमान 3 मिनिटे तो पुन्हा चालू करू नये.