गुलाबाच्या दोन कुंड्या आणि सकाळची वीस मिनिटे

मोगल अमलात नाशिकचे नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे शहर, असे होते. आज शहरातल्या बहुतेकांच्या वाट्याला बाग म्हणून सदनिकेची गॅलरी येते, आणि तीही वाळत घातलेले कपडे व जुनी सायकल वगळून उरेल तेवढी. कामाचा शीण उतरवायला एवढी जागा पुरते, मात्र आरंभी कुंड्या दोनच घ्याव्यात. हौसेने एकदम वीस रोपे आणणाऱ्याला महिनाभरात त्यांची निगा हेच नवे ओझे होऊन बसते. मी स्वतः हा उद्योग केला आहे आणि त्यातली सतरा रोपे पहिल्याच मे महिन्यात वाळली.

एका कुंडीत सुवासिक गावठी गुलाब आणि दुसरीत कलमी गुलाब लावावा. कुंडी किमान बारा इंची असावी आणि रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवावी. पूर्वेकडची गॅलरी सर्वांत सोयीची. नाशिक परिसरातली काळी माती शेतात कितीही कसदार असली तरी कुंडीत ती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून दोन भाग लाल किंवा पोयट्याची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट असे मिश्रण करावे. तळाच्या छिद्रावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा. कलमाचा जोड मातीच्या वर राहील असे पाहावे, आणि जोडाच्या खालून खुंटाला, म्हणजे ज्या मुळांच्या झाडावर कलम बांधलेले असते त्याला, आलेले फुटवे दिसताच काढावेत. द्राक्षाची कलमे ज्यावर बांधतात त्या डॉगरिज जातीच्या खुंटावरच्या बागा पाहिलेल्या निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको.

रोजचे काम वीस मिनिटांचे आहे, आणि विसावा मिळतो तो याच कामात. सकाळी फोन आत ठेवून बाहेर यावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे. ओल लागली तर पाणी देऊ नये, कारण कुंडीतली रोपे तहानेइतकीच अति पाण्यानेही मरतात. पाणी मुळाशी घालावे, पाने भिजवू नयेत, नाहीतर पावसाळी हवेत पानांवर काळे ठिपके पडतात. मग एकेक पान उलटून पाहावे. शेंड्यांवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, असेल तर तो पाण्याच्या बारीक धारेने धुऊन काढावा. घाई असलेल्या माणसाला हे पान उलटणे कंटाळवाणे वाटेल, पण पाचव्या-सहाव्या पानापाशी श्वास आपोआप संथ होतो, हा माझा अनुभव आहे. एखाद्या दिवशी हे जमले नाही तर संध्याकाळी दुप्पट वेळ देऊन भरपाई करू नये. मग त्याची हजेरी होते.

छाटणी ऑक्टोबरात, पाऊस सरल्यावर करावी. द्राक्षबागांत गोडी बहाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची, छाटणी चालू असते तेव्हाच गुलाबालाही कात्री लावावी, हे लक्षात ठेवायला सोपे आहे. वाळलेल्या, बारीक आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढाव्यात, नंतर उरलेल्या सुमारे एक तृतीयांश कमी कराव्यात. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (फांदीवर नवा फुटवा जिथून येतो त्या कोंबाच्या) किंचित वर तिरका काप घ्यावा, म्हणजे नवी फांदी बाहेर वाढते आणि झाडाच्या मधोमध हवा खेळती राहते. साधारण सहा-सात आठवड्यांनी, ऐन थंडीत फुले येतात. कोवळ्या पानांवर भुरी, म्हणजे पांढऱ्या पिठासारखी बुरशी, दिसली तर ती पाने काढून टाकावीत.

गावठी गुलाबाची फुले झाडावरच गळू न देता जमवली तर गुलकंदाचा आणखी एक निवांत छंद जडतो. औषध न फवारलेल्याच झाडाच्या पाकळ्या घ्याव्यात; बाजारातल्या शोभेच्या फुलांच्या घेऊ नयेत. दोन कुंड्यांतून एका वेळी मूठभरच पाकळ्या मिळतात, तेव्हा लहान बरणी घेऊन थर चढवत जावे. पाकळ्या धुऊन कापडावर पूर्ण कोरड्या कराव्यात आणि तेवढ्याच वजनाची कुटलेली खडीसाखर घेऊन काचेच्या बरणीत आलटून पालटून थर द्यावेत. वर थोडी जागा मोकळी सोडून बरणी तीन-चार आठवडे उन्हात ठेवावी आणि रोज कोरड्या चमच्याने ढवळावी. चमचा ओला असेल तर बुरशी धरते आणि सगळी बरणी टाकून द्यावी लागते.