जुन्या लक्झरी गाडीची पारख: इव्हॅल्युएटर म्हणून नव्याने येणाऱ्यांसाठी

जुन्या मर्सिडीज-बीएमडब्ल्यू-ऑडीच्या धंद्यात नव्याने आलेल्यांची एक समजूत असते: मॉडेल, साल आणि किलोमीटर कळले की भाव निघतो. तेवढा भाव जाहिराती चाळून कोणीही काढतो. इव्हॅल्युएटरला पगार मिळतो तो पुढच्या कामासाठी. ही गाडी येत्या दीड-दोन वर्षांत किती खर्च मागणार हे आज ओळखायचं आणि तो खर्च भावातून वजा करायचा. साठ लाखांची गाडी सहा-सात वर्षांनी वीस-बावीसला मिळते, पण तिचे पार्ट साठ लाखांच्या गाडीच्याच दराने येतात. धंद्यातले बहुतेक तोटे इथून सुरू होतात.

या कामाला ठरावीक पदवी लागत नाही. आयटीआयचा मोटर मेकॅनिक, ऑटोमोबाइल डिप्लोमा किंवा थेट सेल्समधून आलेली मुलं, सगळे दिसतात. पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात मर्सिडीजच्या सहभागाने ऑटोमोटिव्ह मेकॅट्रॉनिक्सचा ॲडव्हान्स्ड डिप्लोमा चालत आला आहे. तो केलेल्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष दाखवणारं यंत्र, वाचायला वेगळं शिकवावं लागत नाही. बाकीच्यांनी निदान सहा महिने एखाद्या मल्टिब्रँड लक्झरी वर्कशॉपमध्ये काढावेत. उघडलेलं इंजिन बघितलेलं नसेल तर बंद बोनेटवरून अंदाज बांधता येत नाही.

बॅगेत लागतं ते थोडंच: पेंट गेज (रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र), टॉर्च, मेजरिंग टेप, टायरच्या नक्षीची खोली मोजायचं गेज आणि स्कॅनर. पेंट गेज लोखंडी आणि ॲल्युमिनियम अशा दोन्ही पत्र्यांवर चालणारंच घ्या. रेंज रोव्हर किंवा दुसऱ्या पिढीच्या जॅग्वार एक्सएफसारख्या गाड्यांची बॉडी मोठ्या प्रमाणात ॲल्युमिनियमची असते, मर्सिडीज सी-क्लासच्या २०५ सीरिजचं बोनेटही. स्वस्तातलं गेज तिथे आकडाच दाखवत नाही आणि नवखा पोरगा ‘पुट्टी भरलीय’ म्हणून मोकळा होतो.

मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. गेल्यावर आधी बोनेटला हात लावायचा. गरम लागलं तर थंड इंजिनाचा पहिला आवाज तुमच्यापर्यंत पोचू नये अशी कोणीतरी सोय केलेली असू शकते. अशा वेळी कागद बघा, चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मागा.

कागदांत पहिला नंबर चेसिसचा. सतरा अक्षरांचा नंबर विंडशील्डच्या कोपऱ्यात, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आणि पत्र्यावर कोरलेला असा तीन ठिकाणी बघा आणि आरसीशी जुळवा. सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर हायपोथिकेशन (गाडीवरच्या कर्जाची नोंद), विम्याची मुदत, मालक कितवा आणि चलनं तपासा. मग विम्याची जुनी पॉलिसी मागा. तिच्यावरचा नो क्लेम बोनस बोलका असतो. पन्नास टक्के म्हणजे मालकाने सलग पाच वर्षं क्लेम घेतलेला नाही. पाच वर्षांच्या, एकाच हातातल्या गाडीवर बोनस वीस टक्क्यांवर असेल तर मधे क्लेम झालाय. तो कशाचा, हे सर्व्हिस सेंटरच्या बिलातून काढायचं. मात्र हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडच्या गाडीला ही परीक्षा चालत नाही.

बॉडीवर गेज फिरवताना एका आकड्याला महत्त्व देऊ नका, पॅनेलमधला फरक बघा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० आला की पॅनेल पुन्हा रंगवलंय, ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे. मुंबई-पुण्याच्या पार्किंगमध्ये वापरलेल्या गाडीचा एखादा दरवाजा रंगवलेला असणं अगदीच साधं आहे, त्यासाठी भाव पाडू नका. छप्पर, दारांमधले खांब आणि बोनेटखालचे दोन लांब पत्रे मात्र अस्पर्श हवेत. तिथे आकडा चढला किंवा वेल्डिंगचे ठिपके फॅक्टरीसारखे एकसारखे नसले, तर गाडी मोठी ठोकलेली आहे. बंपर प्लॅस्टिकचा असतो, त्यावर गेज लावू नका. काचांवरचे ब्रँडचे शिक्के आणि सालाच्या खुणाही जुळवा. पुढची एकच काच वेगळी निघाली तर नुसती विचारपूस पुरते, पण त्या काचेमागे कॅमेरा असेल तर बदलल्यावर कॅलिब्रेशन झालं का, ते बिलात बघा.

टायरवरचे चार अंक म्हणजे आठवडा आणि साल: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कंपनीने त्या गाडीसाठी मंजूर केलेल्या टायरवर खूण असते, मर्सिडीजला एमओ, ऑडीला एओ, बीएमडब्ल्यूला तारा. एक्सड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या, बीएमडब्ल्यूला पुढे एक ब्रँड आणि मागे दुसरा, एक जोडी नवी आणि दुसरी गुळगुळीत, असं आढळलं तर ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाची, चौकशी करा. चाकांचा घेर जुळत नसला की तिच्यातला क्लच सतत घसटत राहतो. कमी वेगात पूर्ण स्टिअरिंग वळवून गाडी गोल फिरवली की ती अडखळते, हिसके देते.

एअर सस्पेंशन, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्या, ही या गाड्यांमधली सर्वांत फसवी गोष्ट. मर्सिडीजची एअरमॅटिक, ऑडी क्यू७, रेंज रोव्हर, कुठेही पद्धत तीच. संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, गाडी बंद करून रात्रभर तशीच उभी ठेवा, सकाळी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. एक कोपरा दोन-तीन सेंटीमीटर खाली आला तर त्या बाजूची हवेची पिशवी किंवा तिचा व्हॉल्व्ह गळतोय. विकणारा म्हणेल, सुरू केली की लगेच वर येते. येते, पण ती वर आणायला कॉम्प्रेसर रोज जास्त वेळ चालतो आणि शेवटी जळतो. म्हणून गळणाऱ्या पिशवीच्या गाडीत खर्च दोन वस्तूंचा धरायचा.

इंजिनाच्या बाबतीत कोणत्या इंजिनाचं काय जातं हे पाठच करावं लागतं. २००७ ते २०११ च्या सुमाराच्या बीएमडब्ल्यू ३२०डी, ५२०डी मध्ये एन४७ हे डिझेल इंजिन. त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. थंड इंजिनात मागून खरखर आली तर चेन बदलायला इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणं आलंच. त्याच काळातल्या ऑडीच्या १.८ आणि २.० टीएफएसआय इंजिनांना पिस्टन रिंगांमुळे ऑइल खायची खोड आहे. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंतचं ऑइल कंपनी मान्य करते, म्हणून मालकाला ‘ऑइल खाते का?’ असं विचारू नका, तो नाहीच म्हणणार. ‘दोन सर्व्हिसच्या मधे किती डबे टॉप-अप लागतात?’ असं विचारा. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्सचं ऑइल आयुष्यभराचं म्हणून गाड्या विकल्या गेल्या, पण झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला बदला म्हणते. बीएस६ डिझेल रोज अंधेरी ते वांद्रे एवढीच चालली असेल तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) भरलेला निघण्याची शक्यता धरा. तो जाळून साफ व्हायला सलग वेग लागतो आणि त्या रस्त्यावर तो मिळत नाही.

पावसात बुडालेली गाडी ओळखणं हा महाराष्ट्रातल्या इव्हॅल्युएटरचा वेगळाच अभ्यासक्रम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हापासून मुंबईतला कुठलाही जुना डीलर सीटखाली हात घातल्याशिवाय भाव बोलत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातीची रेघ राहिलेली असते. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, डिकीतली बॅटरीची खोलगट जागा कोरडी आहे का, कार्पेट उचलल्यावर वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर आहे का, हे बघा. या गाड्यांचे कंट्रोल मॉड्यूल बऱ्याचदा सीटखाली, कार्पेटखाली किंवा डिकीत असतात. म्हणून घोटाभर पाणी आत आलं तरी आज चालणारी गाडी तीन महिन्यांनी डॅशबोर्डवर दोषाचा एकेक दिवा पेटवायला लागते. अत्तराचा वास फार येत असेल तर जास्त वेळ थांबा.

स्कॅनर शेवटी लावा. दोष एकही नाही आणि सोबत उत्सर्जनाच्या चाचण्या ‘अपूर्ण’ असं दिसलं तर दोषांचे कोड नुकतेच पुसलेले आहेत. वीस-तीस किलोमीटर चालवून पुन्हा स्कॅन करा. मीटर मागे घेतलाय का हेही इथेच कळतं. डॅशबोर्डवरचा आकडा बदलला तरी इतर मॉड्यूलमध्ये किंवा बीएमडब्ल्यूच्या चावीत जुना आकडा राहून जातो.

आता हिशेब. समजा तशीच गाडी बाजारात २४ लाखांना विकली जाते. टायर ९० हजार, पुढचे डिस्क-पॅड ६०, गिअरबॉक्स ऑइल ४५, दोन पॅनेलचा रंग आणि पॉलिश ३५: कामाचे झाले २.३० लाख. दोन महिने पैसा अडकण्याचे ४० हजार, न दिसलेल्या खर्चाचे ५०. गाडी १८.५० ला घेतली तर फरक ५.५० लाखांचा, आणि जुन्या गाड्यांवरचा १८ टक्के जीएसटी या फरकावर बसतो. खरेदी आणि विक्रीतला फरक एवढाच त्याचा आधार, दुरुस्तीचा खर्च त्यातून वजा होत नाही. नवखे नेमके इथे चुकतात. कर २४ लाखांतच धरला तर तो सुमारे ८४ हजार येतो आणि हातात दीड लाखाच्या आतबाहेर उरतं. तेव्हा १८.५० च्या वर जायचं नाही, समोरचा कितीही भला माणूस असो.

व्यवहार ठरला की मालकी बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आणि महाराष्ट्राचा कर नव्याने. दिल्लीकडची दहा वर्षांच्या जवळ आलेली डिझेल स्वस्त वाटते ती हा कर धरायच्या आधी. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नसेल तर हस्तांतरण अडतं, ती आधीच बसवून घ्या. अधिकृत डीलर असाल तर गाडी ताब्यात घेताच फॉर्म २९सी, म्हणजे गाडी डीलरकडे दिल्याची सूचना, पोर्टलवर भरा. त्या क्षणापासून गाडीची जबाबदारी तुमची, आणि मालकाला ही पावती दाखवली की तो बयाण्यावर गाडी सोडायला तयार होतो.

गाडी घेताना दोन्ही चाव्या मोजून घ्या, डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळ आणि किलोमीटर लिहा, फास्टॅग मालकाकडून बंद करवून घ्या. आणि त्याच्या मोबाइलवरच्या कंपनीच्या ॲपमधून गाडी त्याला तुमच्यासमोरच काढायला लावा. नाहीतर नव्या ग्राहकाने गाडी कुठे उभी केलीय हे जुन्या मालकाला घरबसल्या दिसत राहतं आणि तक्रार येते तुमच्याकडे.