गिटारीच्या चाव्या बदलण्याआधी हेडस्टॉक नीट पाहा

किनाऱ्यालगतच्या खाऱ्या वाऱ्यात गिटारीच्या चाव्यांवर, म्हणजे तारा ताणून सूर लावायच्या खुंट्यांवर, गंज चढतो, त्यामुळे गोव्यात चाव्या बदलायची वेळ वारंवार येते. नवा संच घेण्याआधी गिटार टेबलावर आडवी ठेवून हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा चाव्या बसवलेला भाग, बाजूने पाहा.

फेंडर कंपनीच्या पद्धतीचा हेडस्टॉक मानेला समांतर, सपाट असतो. त्यामुळे नटवरून, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीवरून, जाणाऱ्या बारीक तारांना पुरेसा उतार मिळत नाही. तो मिळावा म्हणून तार खाली दाबणारी छोटी पट्टी, म्हणजे स्ट्रिंग ट्री, बसवतात. नव्या गिटारींत पुष्कळदा चाव्यांचे पोस्ट, म्हणजे तार गुंडाळायचे दांडे, टप्प्याटप्प्याने आखूड होत जातात, मग ट्रीची गरज कमी होते. ट्रेमोलो, म्हणजे तारा सैल-ताण करून सूर हलवणारा दांडा, वापरणाऱ्यांना हे सोयीचे, कारण तार ट्रीखाली अडकली की सूर जागेवर परत येत नाही.

गिब्सन कंपनीच्या पद्धतीचा हेडस्टॉक मागे कललेला असतो. जुन्या गिटारींत हा कोन 17 अंशांचा. 1960च्या दशकाच्या मध्यावर तो 14 अंशांवर आला आणि पुढे बऱ्याच मॉडेलांत पुन्हा 17 झाला. तिथे मान एकाच महोगनीच्या तुकड्यातून कापलेली असल्याने कलत्या भागात लाकडाचे रेषे आडवे तुटतात. त्यातच ट्रस रॉडच्या, म्हणजे मानेचा बाक आवरणाऱ्या आतल्या सळईच्या, पेचासाठी कोरलेला खड्डा नेमका त्याच जागी येतो. गिटार पाठीवर पडली की ती नटमागे मोडते ती यामुळेच. 1970च्या दशकात मागे ठेवलेला जाड उंचवटा, व्होल्यूट, याच दुबळेपणावरचा उपाय होता. वादकांना तो फारसा आवडला नाही, पण कल्पना योग्य होती. आता अनेक कंपन्या हेडस्टॉक वेगळ्या तुकड्याचा करून तिरक्या जोडाने चिकटवतात, म्हणजे रेषे त्याच्या लांबीने धावतात.

आता चाव्या. जुन्या क्लूसन कंपनीच्या चावीसाठी हेडस्टॉकला पाडलेले भोक साधारण 8.7 मिलिमीटरचे, तर आधुनिक बंद चावीचे 10 मिलिमीटरचे. व्हर्नियर कॅलिपरने मोजा. जुन्या गिटारीचे भोक मोठे करू नका: साधा ड्रिल बिट कडेचे लाकूड आणि लॅकर उचकटतो, शिवाय मूळ भोक गेले की गिटारीची किंमतही उतरते. जुन्या भोकात बसणाऱ्या लॉकिंग चाव्या, म्हणजे तार पोस्टमध्येच चिमटून धरणाऱ्या, मिळतात, त्या घ्या. उलट, भोक आधीच 10चे झाले असेल तर अडॅप्टर बुशिंग, म्हणजे भोक लहान करणारी कडी, वापरा. स्क्रू गंजलेले असतील तर तापलेल्या सोल्डरिंग आयर्नचे टोक डोक्यावर थोडा वेळ टेकवा, मग फिरवा. जोर लावल्यास स्क्रू आतच तुटतो.

पोस्टच्या डोक्याला फट असलेल्या जुन्या चावीवर तार चढवताना पोस्टपुढे साधारण 6 सेंटिमीटर तार सोडा. आधी काटकोनात वाकवा आणि मगच कापा, नाहीतर गुंडाळलेल्या तारेचे वेटोळे सुटते. टोक पोस्टच्या मधल्या भोकात खाली घाला, दोन-तीन वेढे वरून खाली द्या. लॉकिंग चावीला अर्धा वेढा पुरतो.

पावसाळ्यात सूर लावताना तार अडकून 'टिक्' असा आवाज आला तर चावीला दोष देण्याआधी नटच्या खाचेत पेन्सिलीचे शिसे घासा. तीन-तीन चाव्यांच्या हेडस्टॉकवर मधल्या दोन तारा नटपाशी बाजूला वळतात, म्हणून त्याच जास्त अडकतात.

कललेल्या हेडस्टॉकची जुनी गिटार विकत घेताना तारा सैल करून नटमागे टॉर्चचा तिरका प्रकाश टाका. रेष दिसली तर ती लॅकरपुरती आहे की लाकडापर्यंत गेली आहे, ते हलक्या हाताने मान दाबून पाहा. लाकूड फाटले असेल तर रेष उघडते. मोड ताजी असेल तर तारा काढा, तुकडे जुळवून पाहत बसू नका, इन्स्टंट ग्लू तर लावूच नका. मोडलेल्या रेषांची टोके शाबूत असतील तेव्हाच कारागीर लाकडाच्या सरसाने पक्का जोड देऊ शकतो.