देवाच्या शांतीची वाट: नम्रता, पश्चात्ताप आणि प्रीती प्रत्यक्षात कशी आणावी

"प्रभू, शांती दे" अशी प्रार्थना वर्षानुवर्षं करूनही मन थाऱ्यावर येत नाही, तेव्हा बहुतेक वेळा मधलं एखादं काम राहून गेलेलं असतं. कुणाची माफी मागायची असते, कुणाचं घेतलेलं परत करायचं असतं, नाहीतर कुणाशी धरलेला अबोला सोडायचा असतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात (5:23-24) प्रभू येशूने क्रमच घालून दिला आहे: वेदीजवळ अर्पण आणलं आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवायचं, आधी जाऊन समेट करायचा आणि मग यायचं. इथे प्रश्न भावाच्या मनात काय आहे याचा आहे. म्हणून "माझ्या मनात कुणाबद्दल काही नाही" एवढ्याने भागत नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या. पुढे सांगितलेली कामं क्षमा विकत घेण्यासाठी नाहीत. देवाशी शांती विश्वासाने मिळते, असं प्रेषित पौल रोमकरांस पत्रात लिहितो (5:1). लोकांना लुबाडणाऱ्या जक्कय नावाच्या जकातदाराची हकिकत (लूक 19) याच क्रमाने घडते. येशू आधी त्याच्या घरी उतरला; अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलला. हा क्रम उलटा केला की माणूस "आता तरी पुरेसं झालं का?" असा हिशेब मांडत बसतो, आणि तो हिशेब कधीच जुळत नाही.

नम्रता: आधी माप बदला

लूक 18 मधल्या दाखल्यातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, सगळ्या उत्पन्नाचा दशमांश देत होता. तो खोटं बोलत होता असं दाखल्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्याची चूक मापात होती: मागे उभ्या असलेल्या जकातदाराशी त्याने स्वतःला ताडून पाहिलं. जकातदाराने मात्र कुणाकडेच पाहिलं नाही. छाती पिटत त्याने देवाकडे फक्त दया मागितली. म्हणून पहिला सराव तुलना पकडण्याचा. "निदान मी त्याच्यासारखा तरी नाही" हे वाक्य मनात आलं की तिथेच थांबा आणि त्याच माणसाच्या भल्यासाठी एका वाक्याची प्रार्थना करा. सुरुवातीला हे दिवसभरात कितीतरी वेळा करावं लागेल. त्याने खचून जाऊ नका, तुलना दिसू लागली हीच प्रगती आहे.

दुसरा सराव टीकेचा. कुणी चूक दाखवली तर त्या दिवशी बचाव करायचा नाही. "विचार करतो" एवढंच म्हणायचं. दुसऱ्या दिवशी शांतपणे पाहायचं, त्यात खरं किती आहे? दहा भागांतला एक भाग खरा असला तरी आधी तो मान्य करायचा आणि मगच उरलेल्याबद्दल बोलायचं. तिसरा सराव याहून अवघड आहे. महिन्यातून एकदा घरातल्या एखाद्याला विचारा, "माझ्यासोबत राहताना तुला कशाचा त्रास होतो?" उत्तर पूर्ण ऐका, मध्ये बोलू नका, शेवटी आभार माना. खुलासा सुरू केलात तर पुढच्या महिन्यात खरं उत्तर मिळणार नाही.

चौथा सराव सोपा आहे: रोज एक काम असं करा जे कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि ते कुणाला सांगूही नका.

नम्रतेत दोन गोष्टी हमखास बिघडतात. काही जण कौतुक झालं की "छे, मी कसला, माझ्यात काहीच नाही" म्हणत राहतात. त्यातही विषय 'मी' हाच असतो. "धन्यवाद" म्हणून पुढच्या कामाला लागणं जास्त बरं. दुसरी चूक अधिक गंभीर आहे. कुणीही काहीही करावं आणि आपण गप्प बसावं, यालाच नम्रता समजलं जातं. प्रमुख याजकापुढे चौकशी चालू असताना शिपायाने चपराक मारली, तेव्हा येशूने त्याला सरळ विचारलं होतं: मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस? (योहान 18:23)

पश्चात्ताप: शौल आणि दावीद यांच्यातला फरक

"मी पाप केलं आहे" हे वाक्य इस्राएलचा राजा शौलही बोलला आणि त्याच्यानंतरचा राजा दावीदही. शौलाने (1 शमुवेल 15) आधी दोष लोकांवर ढकलला: शत्रूची जी मेंढरं देवाने मारायला सांगितली होती ती लोकांनी ठेवली, आणि तीही यज्ञासाठी. मग कबुली दिली आणि लगेच जोडलं, "तरी वडील मंडळींसमोर माझा मान राख." दाविदाने नाथान संदेष्ट्यासमोर (2 शमुवेल 12) एका वाक्यात कबुली दिली. त्याला जोडून ना सबब होती, ना मागणी. आपल्या कबुलीची परीक्षा अशीच करावी. कबुलीनंतर आपण काय जोडतो ते पाहा. तिथे 'पण' आला, 'कारण' आलं किंवा "हे कुणाला कळू देऊ नका" आलं, तर काम अजून अर्धंच झालं आहे.

रोज रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं आत्मपरीक्षणाला द्या. संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात मांडलेली पाच टप्प्यांची पद्धत आजही चांगली चालते: देवाचे आभार, स्वतःचं पाप दिसावं म्हणून प्रकाशाची मागणी, दिवसाची तासातासाने उजळणी, क्षमायाचना, उद्यासाठी निश्चय. आभार पहिले आहेत याला कारण आहे. थेट पापांपासून सुरुवात केली की मन एकतर बचाव करू लागतं किंवा निराश होतं. आभार मानलेलं मन सत्याला कमी घाबरतं.

उजळणी करताना मोघम शब्द टाळा. "मी रागीट आहे" हे स्वभाववर्णन झालं, त्याचा पश्चात्ताप करता येत नाही. "सकाळी मुलाने दूध सांडलं तेव्हा मी त्याला 'मूर्ख' म्हणालो, आणि तो रडल्यावरही थांबलो नाही" हे कृत्य आहे. याची माफी मागता येते, हे सुधारता येतं. कॅथलिक पापनिवेदनात गंभीर पापं प्रकार आणि संख्या यांसह सांगायची असतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. उद्याचा निश्चयही तसाच नेमका हवा. "चांगला वागेन" असं न म्हणता "उद्या सकाळी त्याची माफी मागेन" असं म्हणा.

सांगायचं कुणाला? सर्वसाधारण नियम असा: पाप जितक्या लोकांपर्यंत पोहोचलं, तितक्यांपर्यंत कबुली पोहोचावी. मनातल्या पापाची कबुली देवाला. एका माणसाचा अपराध केला असेल तर देवाला आणि त्या माणसाला. चारचौघांत अपमान केला असेल तर त्या चारचौघांतच. हा नियम मोडला की घोटाळा होतो. "मी कित्येक वर्षं तुझा मत्सर करत होतो" असं समोरच्याला जाऊन सांगितलं तर आपलं ओझं हलकं होतं आणि त्याच्या डोक्यावर चढतं. असलं काही देवाला आणि एका विश्वासू व्यक्तीला सांगावं. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत ती व्यक्ती म्हणजे धर्मगुरू, आणि पापनिवेदनात ऐकलेलं उघड करण्याची त्यांना सक्त मनाई असते. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमध्ये कबुली थेट देवाला दिली जाते. पण एकमेकांजवळ पापं कबूल करा, असं याकोबाचं पत्र (5:16) सर्वांनाच सांगतं. माणूस निवडताना दोन गोष्टी पाहा. दुसऱ्यांच्या गोष्टी तुम्हाला येऊन सांगणारा नको, आणि तुमचं ऐकून "एवढं काय त्यात" म्हणणाराही नको.

माफी मागताना वाक्यं आधी लिहून काढा. चार भाग पुरतात: मी काय केलं, त्याने तुमचं काय नुकसान झालं, मी काय भरून देणार आहे, आणि मला क्षमा कराल का. उदाहरणार्थ: "बैठकीत मी ती चूक तुमची म्हणून सांगितली. ती माझी होती. तुमचं नाव विनाकारण खराब झालं. उद्या मी सगळ्यांना खरं काय ते सांगणार आहे. मला क्षमा कराल का?" "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर सॉरी" ही माफी नव्हे, त्यात दोष त्यांच्या वाटण्यावर ढकललेला असतो. शेवटचा प्रश्न विचारल्यावर गप्प राहा. "नाही" म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, वेळ मागण्याचाही. लगेच क्षमा मिळावी म्हणून रेटा लावला तर तो दुसरा अपराध होतो.

आता भरपाई. लोक सर्वांत जास्त अडतात ते इथे, कारण रडण्यापेक्षा परत देणं कठीण असतं. लेवीय 6 मध्ये फसवून घेतलेल्या मालासाठी प्रमाण दिलं आहे: पूर्ण रक्कम आणि वर तिचा पाचवा भाग. म्हणजे हजार घेतले असतील तर बाराशे. ख्रिस्ती माणूस त्या नियमशास्त्राच्या अक्षराने बांधलेला नाही, पण त्यातलं तत्त्व सोडू नये: नुकसान भरून निघावं, आणि इतका काळ त्याला जे सोसावं लागलं त्याचीही दखल घेतली जावी. एकरकमी जमत नसेल तर हप्ते ठरवा, तारीख लिहून द्या. ती व्यक्ती हयात नसेल तर वारसांना द्या. वारसही सापडत नसतील तर गरजूंना. कुणाची बदनामी केली असेल तर ती जिथे जिथे पसरवली तिथे तिथे जाऊन "मी सांगितलं ते खोटं होतं" असं म्हणायचं. पैशांपेक्षा हे महाग पडतं, आणि टाळलंही हेच जास्त जातं. अपराध कायद्याच्या कक्षेत येत असेल तर प्रार्थना करून तो झाकता येत नाही. त्याचे परिणाम स्वीकारणं हा पश्चात्तापाचाच भाग आहे.

प्रीती: भावना येण्याची वाट पाहू नका

येशूचा शिष्य पेत्र याने तीनदा प्रभूला नाकारलं होतं. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूने त्याला तीनदा विचारलं, "माझ्यावर प्रीती करतोस काय?" आणि प्रत्येक उत्तरानंतर काम दिलं: माझ्या मेंढरांना चार, त्यांना पाळ (योहान 21). पश्चात्तापाचा शेवट कुणाची तरी काळजी घेण्यात होतो. तसा झाला नाही तर माणूस स्वतःच्याच पापांभोवती घुटमळत राहतो.

ज्याच्यावर प्रीती करणं जड जातं असा एकच माणूस निवडा. लूक 6:27-28 मध्ये चार क्रियापदं आहेत: प्रीती करा, बरं करा, आशीर्वाद द्या, प्रार्थना करा. सराव करताना शेवटून सुरुवात करा. महिनाभर रोज त्याचं नाव घेऊन त्याच्यासाठी एक नेमकं चांगलं मागा: त्याची तब्येत, त्याच्या मुलांचं शिक्षण. "त्याला सद्बुद्धी दे" ही प्रार्थना इथे चालणार नाही, ती तक्रारच असते. दुसऱ्या महिन्यात त्याच्याबद्दल दुसऱ्यांशी बोलताना एक तरी खरा गुण सांगा. मग एखादं छोटं काम करा, शक्य तर न सांगता. उबदार भावना आली तर उत्तम, नाही आली तरी काम थांबवू नका. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा त्याला धरून देणारा यहूदाही तिथेच बसलेला होता.

क्षमा करणं आणि पूर्वीसारखं नातं जोडणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्षमा एकट्याने करता येते. समेटाला दोघं लागतात, आणि विश्वास परत यायला वेळ लागतो. पौलाने अट शब्दांतच घातली आहे: शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं (रोमकरांस 12:18). घरात मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचार होत असेल, तर आधी सुरक्षित जागी जा आणि मदत मागा. तिथेच राहून "क्षमा करत राहा" असा सल्ला देणारा शुभवर्तमान सांगत नाही, मग तो कुणीही असो.

एवढं करूनही मन शांत झालं नाही तर

ज्यांची माफी मागायची, ज्यांचं परत करायचं, ज्यांच्याशी समेट करायचा त्यांची यादी आधी पुन्हा पाहा. एखादं नाव तुम्ही मुद्दाम वगळलं आहे का? पुष्कळदा ते नाव लगेच आठवतं.

यादी पूर्ण असेल तर खेद कोणत्या जातीचा आहे ते ओळखा. 2 करिंथकरांस 7:10 मध्ये दोन खेद सांगितले आहेत, एक पश्चात्तापाकडे नेणारा आणि एक मरणाकडे नेणारा. यहूदाने चांदीची तीस नाणी परत केली, "निर्दोष रक्त धरून दिलं" अशी कबुलीही दिली. पण ज्यांच्यापुढे दिली त्यांनी "त्याचं आम्हाला काय?" म्हणून हात झटकले, आणि ख्रिस्ताकडे तो वळला नाही. तुमची कबुलीही देवाऐवजी स्वतःच्याच मनापुढे चालली असेल तर मन दरवेळी नवी शिक्षा सुनावत राहील. ज्याची कबुली दिली आहे ते पाप पुन्हापुन्हा उकरू नका. पापं कबूल केली तर देव क्षमा करतो, असं सांगणारं 1 योहान 1:9 उघडा, मोठ्याने वाचा, तिथेच थांबा. तरीही जुनीच पापं पुन्हापुन्हा सांगावीशी वाटत असतील तर एकच मार्गदर्शक धरा आणि त्याने "आता पुरे" म्हटलं की ऐका. झोप उडाली असेल, भूक गेली असेल, जगावंसं वाटत नसेल तर विनाविलंब डॉक्टरांकडे जा; तो आजार असू शकतो, आणि आजाराचा पश्चात्ताप करायचा नसतो.

आणि तेच पाप पुन्हा घडलं तर? उशीर करू नका. त्याच दिवशी, शक्यतो सूर्य मावळण्याआधी, कबुली द्या आणि माफी मागा. मग ते घडण्याआधीच्या तासाभरात तुम्ही कुठे होता, कुणासोबत होता, थकलेले होता का, उपाशी होता का, हे वहीत लिहून ठेवा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यात सारखं काय आहे ते दिसू लागेल. पुढचा निश्चय त्या एका गोष्टीबद्दल करा.