धर्मावरून वाजलंय, पण मित्र सोडायचा नाहीये? केप्लरकडून शिका

कॉलेजपासूनचा मित्र, आणि धर्मावरून असं वाजलं की दीड वर्ष आमचा एकमेकांना फोन नाही. त्याच दिवसांत चारशे वर्षांपूर्वीच्या योहानेस केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाबद्दल वाचत होतो, आणि त्याच्याकडून जे उचललं ते इथे लिहितोय, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी त्याचे हाल बघा. लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचा माणूस, ऑस्ट्रियात ग्राट्झला गणित शिकवायचा. १६०० मध्ये कॅथलिक राज्यकर्त्याने सांगितलं, धर्म बदला नाहीतर शहर सोडा, याने बायको आणि सावत्र मुलीसकट शहर सोडलं. पुढे १६१२ मध्ये लिंझला आला तर तिथे त्याच्याच लुथरन पाद्र्याने प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी-द्राक्षरसाचा विधी) द्यायला नकार दिला, का तर पंथाच्या मसुद्यातला ख्रिस्ताच्या शरीराबद्दलचा एक मुद्दा याला पटत नव्हता आणि न पटता सही करायला हा तयार नव्हता. म्हणजे परक्यांनी हाकललं आणि आपल्यांनीही दारात उभं केलं.

तर पहिलं काम, मतभेद नेमका केवढा आहे ते मोजा. मंगळाची कक्षा काढताना केप्लरचं गणित आणि टायको ब्राहे या खगोलशास्त्रज्ञाने आकाश बघून केलेल्या नोंदी यांच्यात फक्त ८ कलांचा फरक राहिला, आकाशात चंद्र दिसतो त्याच्या साधारण पाव रुंदीएवढा, तेवढ्यासाठी त्याने आधीची मेहनत बाजूला ठेवली, पण बाकी सगळंच चूक असंही म्हटलं नाही. धर्मातही तो तसाच वागला, एक मुद्दा मान्य नाही म्हणाला आणि लुथरनच राहिला. मी कागद घेऊन बसलो तेव्हा मित्राशी खरं भांडण दोनच वाक्यांवरून होतं, बाकीचा राग मी बातम्या बघून त्याच्यावर काढत होतो.

दुसरं, ग्रुपवर बोलू नका, एकट्याला लिहा. पॉल गुल्डिन हा जेझुइट, म्हणजे कॅथलिक संघातला गणिती, त्याच्याशी केप्लरचा पत्रव्यवहार होता. कॅथलिक हो म्हणून त्याने समजावलं, केप्लरने स्पष्ट नाही म्हणून कळवलं, आणि तरी त्याच्याबद्दल कृतज्ञताच बाळगली. नाही म्हणायचं ते सरळ म्हणा, गुळमुळीत बोललात तर समोरचा पुढच्या वेळी परत तोच विषय काढणार.

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, दोघांच्या हाताला एक काम द्या. १५ मे १६१८ ला केप्लरला ग्रहांचा तिसरा नियम सापडला, आणि आठच दिवसांनी प्रागमध्ये प्रोटेस्टंटांनी कॅथलिक अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकलं, तिथून ३० वर्षांचं युद्ध पेटलं. तो नियम कुठल्याही पंथाचा माणूस ताडून बघू शकतो: ग्रहाचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या पटीत घेऊन त्याचा घन करा, सूर्याभोवतीच्या फेरीच्या वर्षांचा वर्ग करा, दोन्ही सारखे येतात. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे, ५.२ चा घन करा, १४०.६ येतो. त्याला एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, त्याचा वर्ग करा, १४०.७.

मी हे पानावर लिहून फोटो काढला आणि मित्राला पाठवला, खाली फक्त एवढंच लिहिलं की शनीचं तू कर, अंतर ९.५४ पट, फेरी २९.४६ वर्षं. रात्री साडेअकराला त्याचा फोटो आला, ८६८.३ आणि ८६७.९, आणि खाली, "उद्या येतोयस का चहाला, ती दोन वाक्यं पण बोलून घेऊ."