दानाच्या वहीतला चौथा रकाना

शंभर पानी वही घ्या. पट्टीने चार रकाने आखा: तारीख, काय दिलं, कुणाला दिलं, का दिलं. पहिले तीन कोणीही भरेल. चौथ्याशी आलं की पेन अडतं. पुढचं सगळं त्या चौथ्या रकान्याबद्दल आहे.

मी नाशिकची. पतसंस्थेत रोखपाल होते. निवृत्त झाले तशी आमच्या विहाराच्या महिला मंडळाने जमाखर्च माझ्या गळ्यात घातला. त्यामुळे दान म्हटलं की मला आधी पावतीपुस्तक आठवतं. हे कोणाला कोरडं वाटेल, तर वाटू द्या.

आधी आकडा

महिनाअखेरीला उरेल त्यातून देईन असं म्हणू नका. महिनाअखेरीला उरत काही नसतं. दीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी सांगितलं होतं की प्रत्येकाने मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला देण्याचा निर्धार करावा. विसावा भाग म्हणजे शंभरातले पाच. अठरा हजार पेन्शन असेल तर नऊशे. पैसे खात्यात आले की त्याच दिवशी ते बाजूला काढायचे. मी पाकिटात ठेवते, कारण मला नोटा हाताला लागल्याशिवाय पैसे वेगळे झालेत असं वाटत नाही. तुम्ही दुसऱ्या खात्यात टाकलेत तरी चालेल.

हप्ते थकले असतील तर आकडा खाली आणा. पन्नास रुपये करा, वीस करा, पण ठरवा. सत्पुरुष कसं दान देतो हे सांगताना बुद्धांनी पाच गोष्टी सांगितल्यात: श्रद्धेने, आदराने, योग्य वेळी, मोकळ्या मनाने, आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ न देता. पाचवी गोष्ट लोक हमखास विसरतात. लेकीच्या फीचे पैसे उचलून कोणी विहाराच्या स्लॅबला द्यायला आलं, तर मी पावती फाडण्याआधी खुर्ची पुढे करते आणि चहा मागवते. बोलणं झाल्यावर बहुतेक वेळा आकडा कमी होतो. विहाराचं त्याने काही अडत नाही.

देणं आधी बांधून ठेवायची रीत नवी नाही. नाशिकला असाल तर त्रिरश्मी लेणी चढून जा; पांडवलेणी म्हटलं तर रिक्षावाल्याला लवकर कळतं. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने लेणं दिलं आणि वर तीन हजार कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या धंद्याच्या संघांकडे, कायमची ठेवली: एका श्रेणीकडे दोन हजार, महिना शेकडा एक दराने, आणि दुसरीकडे एक हजार, पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आपली मुदत ठेवच म्हणा. दोन हजारांचं व्याज महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर तिथे मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापणं चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी. वीस बारे दोनशे चाळीस. रोखपालाच्या डोळ्यांना असं काही दिसलं की बरं वाटतं.

मग कारण

अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहात, आठ-आठ गोष्टींच्या भागात, माणूस दान का देतो याच्या याद्या आहेत. त्यांत बुद्ध कोणाला झापत नाहीत, माणसं कशाकशामुळे देतात ते नुसतं सांगतात. त्यातली नेहमी लागणारी कारणं मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलीत आणि चौथ्या रकान्यात एका शब्दात टिपते.

*राग.* दारात मागायला आलेला हटतच नाही, म्हणून दहाची नोट त्याच्या हातात कोंबली. दान झालं, आणि दारही जोरात आपटलं गेलं. इथे ‘राग’ लिहायचं.

*भीती.* वर्गणी मागायला पाच-सहा पोरं आली. नाही म्हटलं तर गल्लीत नाव निघेल. किंवा वस्तीतल्या सगळ्यांनी पाचशे दिले, आपण दोनशे कसे द्यायचे. आमच्याकडे सर्वांत जास्त दान या कारणाने होतं, असं पावतीपुस्तकं फाडून फाडून माझं मत झालंय.

*त्याने दिलं होतं,* आणि *तो देईल.* आहेराचा सगळा व्यवहार या दोन शब्दांवर चालतो. पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, त्यांनी आपल्याकडे एकशे एक दिले होते, म्हणून आपणही एकशे एक. यात वाईट काही नाही, नाती अशीच टिकतात. फक्त वहीत त्याला ‘परतफेड’ म्हणायचं.

*वाडवडील देत होते.* आई दर पौर्णिमेला विहारात खीर न्यायची, म्हणून मी नेते. हे कारण मला आवडतं. तरी वर्षातून एखाद्या पौर्णिमेला स्वतःला विचारावं: आईची सवय नसती तर मी नेली असती का?

*नाव.* याबद्दल थोडं जास्त लिहिते. आमच्याकडे माइकवरून दाते पुकारले जातात, पंख्याच्या पात्यांवर स्मरणार्थ लिहिलं जातं, ताटांवर नाव कोरून देतात. त्यावर टीका करणारे पुष्कळ भेटतात: गुप्तदानच खरं, डाव्या हाताचं उजव्याला कळू नये वगैरे. मला ते पटत नाही. लेणी बघा. दारावर, खांबावर, पाण्याच्या पोढीवर, जिथे तिथे दात्यांची नावं आहेत. त्रिरश्मीच्या आठव्या लेण्यात मुगुदास नावाच्या माणसाने सहकुटुंब दान दिल्याचं कोरलंय, आणि त्याला लावलेल्या शब्दावरून अभ्यासक त्याला कोळी मानतात. सतरावं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनाचं, म्हणजे ग्रीकाचं, आईवडिलांसाठी दिलेलं. कार्ल्याला धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं नाव आहे. ही नावं कोरली नसती तर कोळी, सुतार, परदेशी माणसं या डोंगरात काही देऊन गेली हे आपल्याला कसं कळलं असतं? तेव्हा नाव द्यायला लाजू नका. फक्त माइकवर नाव चुकलं, किंवा पुकारायचं राहिलं, तर पोटात काय होतं तिकडे लक्ष ठेवा. ती नोंद पैशांच्या नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.

*मी रांधते, ते रांधत नाहीत.* याद्यांमधलं माझं सगळ्यात लाडकं कारण. भिक्खू चूल पेटवत नाहीत, माझ्या घरात पेटते, मग त्यांना न देणं बरं दिसत नाही. एवढा साधा विचार. भंतेजींपुरतंच नाही, हे बाहेरही लागू आहे. बाळंतीण, दवाखान्यात नातेवाइकाच्या उशाशी बसलेला माणूस, परीक्षेला गावाहून आलेली पोरं, यातलं आज कोण रांधत नाही? त्यांना डबा.

*मन नीट व्हावं म्हणून.* यादीच्या शेवटी हे येतं. हा शब्द वहीत सारखा दिसावा म्हणून ओढूनताणून लिहू नका. नवीन माणसाच्या वहीत पहिल्याच महिन्यात तोच तो शब्द दिसला तर मला शंका येते.

एका दानाला दोन-तीन कारणं असू शकतात. ती सगळी लिहा. बदलायला जाऊ नका. ‘भीती’ लिहून झाल्यावर आता मी मनापासून देते असं स्वतःला समजावत बसलं, तर पुढची नोंद खोटी होते.

बघायचं कधी

राजगृहात बुद्धांनी आपल्या मुलाला, राहुलला, विचारलं, आरसा कशासाठी असतो? बघण्यासाठी, तो म्हणाला. मग त्यांनी सांगितलं की शरीराने, वाणीने, मनाने काहीही करताना असंच वारंवार बघावं: करण्याआधी, करत असताना, आणि केल्यानंतर. सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराटच्या शिलालेखात संघाने आणि उपासक-उपासिकांनी जे धम्मपाठ पुन्हा पुन्हा ऐकावेत म्हणून नेमून दिले, त्यात हा राहुलला केलेला उपदेशही आहे. दानाबद्दलही हेच तीन काळ सांगितलेत: देण्याआधी मन आनंदी, देताना प्रसन्न, दिल्यावर समाधानी.

आधीचं बघणं सोपं करायचं असेल तर एक जागा ठरवून घ्या. हल्ली निम्मं दान मोबाइलवरूनच होतं. स्कॅन केलं, रक्कम टाकली, आता पिन टाकायचा. तिथे थांबा. एक श्वास आत, एक बाहेर, आणि पुठ्ठ्यावरच्या शब्दांपैकी कोणता लागू आहे ते बघा. मग पिन टाका. दुकानदार मागे घाई करत असेल तर ही युक्ती चालत नाही, पण दानाच्या वेळी मागे रांग क्वचितच असते. पैसे गेल्यावर लगेच ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायला अंगठा शिवशिवतो. तिथे पुन्हा एक श्वास. टाकायचा तर टाका, पण अंगठ्याला ओळखून टाका.

देत असतानाचं बघणं मला वाढताना जमतं. बुद्धपौर्णिमेला खीर वाढायला उभी राहिले की पहिल्या पंगतीला माझं लक्ष माणसांच्या तोंडाकडे असतं. तिसऱ्या पंगतीला पातेल्याकडे जातं: पुरेल का? मग पळी आपोआप उथळ भरू लागते. मनगटाला आधी कळतं, मनाला नंतर. मनगटाकडेच बघत राहावं. स्वतःच्या हाताने द्यावं असं जे सांगितलंय ते यासाठीही असेल, असं मला वाटतं. नोकराकरवी किंवा नुसत्या खात्यातून दिलं की बघायला मनगटच उरत नाही. म्हणून महिन्यातून एक तरी गोष्ट हाताने द्या.

नंतरचं बघणं त्या रात्री. वही तेव्हाच लिहायची. जास्त दिलं असं वाटतंय का? तो माणूस त्या पैशांचं काय करेल असा विचार घोळतोय का? तेही दोन शब्दांत लिहा आणि झोपा.

जुन्या कपड्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. टाकून द्यायच्या लायकीची वस्तू देणं हे असत्पुरुषाच्या दानाचं लक्षण म्हणून स्पष्ट सांगितलंय. पूर आला की आमच्याकडे पोती भरून कपडे येतात आणि त्यांत हूक तुटलेले ब्लाऊज, एका पायाचे मोजे निघतात. देण्याआधी धुवा, बटणं लावा, घडी घाला. ज्याला इस्त्री करावीशी वाटत नाही ते कापड पुसायला ठेवा.

पैसे नसतील तेव्हा

पंचशील पाळणं हेच महादान आहे, असं बुद्धवचन आहे. जो हिंसा करत नाही, चोरी करत नाही, व्यभिचार करत नाही, खोटं बोलत नाही, दारू पीत नाही, तो असंख्य जिवांना निर्भयता देतो. आम्ही रोज वंदनेत शीलं म्हणतो, पण देणं म्हणून त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नाही. पाचवं शील घ्या. संध्याकाळी सातला फाटक वाजल्यावर पोरं पुस्तकं आवरून आतल्या खोलीत जातात की अभ्यास करत तिथेच बसून राहतात, यावरून त्या घरातलं दान कळतं. त्याला पावती नाही. विहाराला पंखा देणाऱ्या आणि घरी पिऊन जाणाऱ्या माणसाची पावती मी फाडतेच, ते माझं काम आहे. पण हिशोब बघायचा असेल तर तो त्याच्या पोरांकडे आहे.

वहीत हे कसं लिहायचं? साधंच. तारीख, ‘आवाज चढवला नाही’, कुणाला: सुनेला. का: इथे खरं लिहा. मी एकदा ‘शेजारीण बसली होती’ असं लिहिलेलं आहे.

वेळही देता येतो. बँकेचा फॉर्म भरून देणं, दहावीच्या पोराचं गणित घेणं, कोणाबरोबर तहसील कार्यालयात जाऊन बसणं. त्याला रुपयांत मोजू नका, तास लिहा.

नाही म्हणायचं कसं

इगतपुरीच्या धम्मगिरीवर सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतली दहा दिवसांची विपश्यना शिबिरं चालतात. राहणं, जेवण, शिकवणं यांपैकी कशाचेच पैसे घेत नाहीत. आणि ज्याने एकही दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलं नाही, त्याचं दान ते स्वीकारत नाहीत. आधी अनुभव घ्या, मग वाटलं तर द्या. घेणाऱ्याने सुद्धा नाही म्हणायचं असतं हे मला तिथून उमगलं. आमच्या विहाराला हा नियम झेपणार नाही, वीजबिल थांबेल. पण देणाऱ्याला यातून एक घेता येतं: जिथलं काम आपण पाहिलेलं नाही तिथे देण्याआधी एकदा जाऊन बसावं.

महिन्याच्या शेवटी चौथ्या रकान्यावरून बोट फिरवा. ‘भीती’ एकाच ठिकाणासमोर पुन्हा पुन्हा आली असेल, तर पुढच्या वेळी तिथे रक्कम न बदलता आधी बोलून बघा. नाही म्हणताना खोटं कारण देऊ नका, चौथं शील तिथेच मोडतं. ‘सुटे नाहीत’, ‘हे घरी नाहीत’ हे नको. मी एवढंच म्हणते: “जयभीम दादा. या महिन्याचा भाग देऊन झाला. पौर्णिमेनंतर या, तेव्हा बघते.” बहुतेक पोरं पौर्णिमेनंतर येत नाहीत. जी येतात त्यांना चहा द्या, काम काय चाललंय ते विचारा, आणि पटलं तर पाकीट उघडा.