पासाऊ ते लिंट्स: डॅन्यूबच्या काठाने एका दिवसात सीमापार

जर्मनीतील पासाऊपासून ऑस्ट्रियातील लिंट्सपर्यंतचा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग साधारण 95 किलोमीटरचा असून, अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या ‘युरोवेलो 6’ या मार्गाचाच तो एक तुकडा आहे. नदीच्या ओघाबरोबर जायचे असल्याने चढ जवळजवळ लागत नाहीत, आणि सामान लादलेल्या सायकलवरही सरावलेल्या माणसाला हे अंतर जूनच्या लांब दिवसात सावकाश कापता येते. निघण्यापूर्वी बहुतेकांना काळजी सीमेची वाटते. खरा विचार करायचा असतो तो कोणत्या टप्प्यात नदीच्या कोणत्या काठाने जायचे याचा.

कागदपत्रांत मात्र हयगय करू नये. दोन्ही देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, असल्यामुळे भारतीय पासपोर्टवरचा एकदाच प्रवेश देणारा व्हिसाही पुरतो. तरीही 2015 मध्ये जर्मनीने या सीमेवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि ती प्रामुख्याने जर्मनीत शिरताना होते, म्हणून परतीच्या रेल्वेप्रवासासाठी मूळ पासपोर्ट, आणि तिथे राहणाऱ्यांनी निवास परवानाही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून हँडलबारच्या बॅगेत ठेवावा. बारा वर्षांखालील मूल बरोबर असेल, तर ऑस्ट्रियात त्याला हेल्मेट सक्तीचे आहे.

पासाऊहून सकाळी लवकर निघून डावा काठ धरावा. सुमारे 22 किलोमीटरवर योखेनश्टाइनचे जलविद्युत केंद्र लागते. दोन्ही देशांनी मिळून उभारलेल्या या केंद्राच्या बांधावरून पलीकडे जाता येते, पण माझे मत डाव्या काठानेच पुढे जावे असे आहे, कारण उजवीकडे मोटारींचा रस्ता जवळून जातो, तर इकडे झाडीतून शांत वाट मिळते. थोड्याच अंतरावर एक ओढा ओलांडला की आपण ऑस्ट्रियात असतो. लक्ष ठेवले नाही तर सीमा मागे पडल्याचे कळतही नाही.

साधारण चाळिसाव्या किलोमीटरला, आऊ येथे, डोंगर थेट पाण्यात उतरतो आणि सलग वाट संपते. येथून सायकली नेणाऱ्या छोट्या फेरीबोटीने समोरच्या श्लोगेनला उतरावे. फेऱ्या हंगामातच आणि दिवसाच चालतात, त्यामुळे वेळापत्रक आदल्या रात्री पाहावे. बोटीत सायकली एकमेकींना टेकवून उभ्या करतात, म्हणून गिअरची बाजू बाहेर ठेवावी आणि पैशांची पिशवी काढून हातात घ्यावी. श्लोगेनला नदी जवळजवळ उलट फिरून वळते. ते वळण वरून पाहण्यासाठी अर्ध्या तासाची पायी चढण आहे आणि वेळ असेल तर ती अजिबात चुकवू नये.

पुढे आशाखपर्यंत उजवा काठ, तेथे पूल ओलांडून पुन्हा डावा. रविवारी दुकाने बंद असतात, तेव्हा दशम्या किंवा पराठे आणि दोन बाटल्या पाणी बरोबर असावे. ओटेन्सहाइमला थोडे थांबून तिथली फेरीबोट पाहावी: ती वर ताणलेल्या तारेला बांधलेली असते, नावाडी तिला प्रवाहाशी तिरकी करतो आणि इंजिनाशिवाय नदीच तिला पलीकडे ढकलते.

लिंट्सहून गाडीने परतायचे असल्यास सायकलसाठी वेगळे तिकीट लागते. लांब पल्ल्याच्या गाड्यांत जागाही आधी राखून ठेवावी.